टेपखालची बोटं

टेपखाली दोन बोटं होती. ओली, गार. नवरा नुकताच चहाचे कप विसळून आला होता, हात पुसायचे राहून गेले होते, म्हणूनच ती कळली. एरवीच्या कोमट हाताची असती तर कातडीत विरघळून गेली असती आणि तिला पत्ताही लागला नसता. ती सतरंजीवर पाठ भिंतीला टेकवून, दोन्ही पाय समोर पसरून बसली होती. मोडून जोडलेल्या पायाच्या घोट्याला वाळूची पिशवी अजून बांधलेली होती, श्वास जागेवर यायचा होता. नवऱ्याने नेहमीप्रमाणे आधी चांगल्या मांडीचं माप घेतलं, गुडघ्याच्या वाटीपासून वीतभर वर, आणि आकडा मोठ्याने बोलला. मग आजारी मांडीचं घेतलं, तोही आकडा तितक्याच मोठ्याने बोलला. "बोटभर कमी आहे अजून," तो म्हणाला. "येईल, येईल. घाई काय आहे?" मग टेप गळ्यात अडकवून, डबा उचलून तो कामावर गेला. दार लागलं. ती तशीच बसून राहिली. चांगल्या मांडीवर दोन ठिपके अजून गार होते आणि ती त्यांच्याकडे अशी पाहत होती, जणू तिथे काहीतरी लिहिलेलं होतं आणि तिला ते आत्ताच वाचता येऊ लागलं होतं.

टेपखाली बोटं घालणं ही काही चोरी नव्हे. शिवणाऱ्याच्या हाताला ती पहिली शिकवण असते. छातीला दोन बोटं, कमरेला एक, मनगटाला करंगळी. माणूस श्वास घेतो, जेवतो, उठतो, बसतो, त्याच्या त्या सगळ्या जगण्याला कपड्यात जागा हवी असते. पण तिच्या मांडीला कसली जागा हवी होती? इथे खरं माप हवं होतं, कातडीला चिकटलेलं, निष्ठुर. आणि जो माणूस चांगल्या पायाला, जिथे लपवण्यासारखं काहीच नाही तिथे, दोन बोटं घालतो, तो आजारी पायाला किती घालत असेल? तीन? की अख्खा पंजाच? तिला कळणार तरी कसं? ऑपरेशनच्या व्रणाभोवती, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, तळहाताएवढी जागा बधिर होती. तिथे टाचणी टोचली तरी दुसऱ्याच कुणाला टोचल्यासारखं वाटायचं. आणि नवऱ्याचा हात नेमका त्याच बाजूने टेपवर असायचा. भरत आली, भरत आली म्हणून इतके महिने जी मांडी ती मनातल्या मनात कुरवाळत होती, ती मांडी नव्हतीच मग. ती नवऱ्याची बोटं होती.

आणि हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. लग्नाआधीपासून दोघं एकाच शिवणाच्या दुकानात होती. पुढे आरशासमोर तो मापं घ्यायचा, मागे लांब टेबलाशी उभी राहून ती कापायची, मधे एक जाड पडदा. तो आकडे मोठ्याने बोलायचा, ती पडद्यामागून झेलायची आणि गिऱ्हाइकाचं तोंडही न पाहता त्याचं अंग खडूने कापडावर रेखायची. तिने त्याला पाहिलं त्याच्या कितीतरी आधी ऐकलं होतं. मैत्रिणी विचारायच्या, काय बघून पसंत केलास गं, आणि ती खरं तेच सांगायची की बघितलं कुठे, आवाजावर भाळले. त्या दुकानाची एक रीत होती, मालकीणबाईंच्या वडिलांनी घालून दिलेली. गिऱ्हाइकाचं व्यंग आरशासमोर उच्चारायचं नाही. एक खांदा उतरलेला असो, एक हात आखूड असो, माप घेणाऱ्याने दोन्ही बाजूंना एकच आकडा बोलायचा, चांगला खणखणीत, आणि मग हातातला खडू काउंटरवर वाजवायचा. उजवीकडे कमी असेल तर एकदा, डावीकडे असेल तर दोनदा. पडद्यामागच्या बाईने काय ते समजून घ्यायचं आणि अस्तराच्या आत गुपचूप भर घालायची. कोट अंगावर चढला की आरशात दोन्ही खांदे सारखे. वर्षानुवर्षं जरा तिरके चालणारे लोक त्या दुकानाच्या पायरीवरून ताठ होऊन उतरताना तिने पडद्याच्या फटीतून पाहिले होते आणि प्रत्येक वेळी तिचं मन भरून आलं होतं. देवाने जे थोडं वाकडं ठेवलं त्यावर आपण मायेने पांघरूण घालतो, असं तिला वाटायचं. आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाला काय वाटेल, त्या खडूचा अर्थ जर त्याला कळला तर, हे तिने कधी मनात आणलं नव्हतं. आता ती आठवू लागली. मघाशी त्याने काही वाजवलं होतं का? डब्याचं झाकण? किल्ली? मागच्या वेळी माप घेतल्यावर तो घसा खाकरला होता, ते नुसतं खाकरणं होतं का? त्याचा मोठा आवाज गिऱ्हाइकासाठी असतो आणि खरं असतं ते हळू, हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तिने आवाजच ऐकला. इतकी वर्षं पडद्यामागे काढली आणि पडद्याच्या पुढे आल्याबरोबर शहाणपण पार विसरली.

ती पडली होती अगदी साध्या कारणाने. उंच फळीवरून कोटाच्या कापडाचा गठ्ठा काढला, तो छातीशी धरून स्टुलावरून उतरली आणि पाय पडला तो सॅटिनच्या कात्रणावर. गठ्ठा सोडला असता तर हात टेकता आला असता, पण कापड मळेल म्हणून तिने तो सोडला नाही. हाड मोडल्याचा आवाज तिला आठवत नव्हता. तो पडद्यापलीकडे नवऱ्याने ऐकला होता. त्याबद्दल तो एकदाच बोलला, दवाखान्यात, तिच्या उशाशी बसून, भिंतीकडे बघत: "मला वाटलं टेबलच मोडलं." पुढे प्लेट बसली, स्क्रू बसले, कुबड्या आल्या, कुबड्या गेल्या. ज्या दिवशी पहिल्यांदा तिने दोन्ही पाय शेजारी शेजारी नीट पाहिले तो दिवस मात्र तिला स्पष्ट आठवत होता. तिची नजर कापणारीची. एकाच अंगाचे दोन पाय, पण दोन वेगळ्या माणसांच्या मापाने कापलेले. एक तिचा, भरीव, ओळखीचा. दुसरा कुठल्या तरी दीर्घ आजारातून उठलेल्या परक्या मुलीचा. तिला आधी भीती वाटली नाही, लाजच वाटली. तिने चादर ओढून घेतली.

मग व्यायाम शिकवणारी फिजिओ यायला लागली. वयाने लेकीसारखी, बोलायला फटकळ. "मावशी, हाड डॉक्टरांनी जोडलं. स्नायू कुणी जोडून देत नसतं. तो रोज आपला आपण मागून आणायचा." गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाय सरळ ठेवून उचलायचा, भिंतीला पाठ घासत अर्धं खाली बसून तसंच थांबायचं, खुर्चीतून हात न टेकता उठायचं. पुढे घोट्याला वजन. वजनाची पिशवी बाजारातून आणू या म्हणाला नवरा, तर ती म्हणाली, एवढं आयुष्य शिवण्यात गेलं आणि पिशवी विकत आणू? कॉलरच्या कडक कॅनव्हासची पिशवी तिने अंथरुणात बसून दुहेरी टीप घालून शिवली आणि धुऊन वाळवलेली वाळू भरली. फिजिओने ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "मावशी, ही माझ्यापेक्षा जास्त टिकणार." नेमधर्म तिच्या अंगवळणी पडलेला होता. सकाळी उठल्यावर आधी देवाचं नाव, मग पाणी, हा तिचा जन्माचा नेम. त्यात एक भर पडली: आधी नाव, मग पाय, मग पाणी. ती आकडे मोजायची नाही. पाय उचलताना एक नाव, खाली ठेवताना एक नाव. मोजलं की मन पुढच्या आकड्यावर जातं, नाव घेतलं की आहे तिथेच राहतं. फिजिओ विचारायची, किती वेळा केलंत, आणि ही म्हणायची, "थकेपर्यंत." "थकल्यावर आणखी थोडं, मावशी. खरा व्यायाम तिथून पुढे सुरू होतो." मांडी थरथरायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि त्या थरथरण्यात तिला एक विलक्षण गोड आशा लागायची, की आत कुणीतरी जागं होतंय. जाताना फिजिओ एक सांगून गेली होती. दर आठवड्याला माप घ्या. दोन्ही मांड्या सारख्या झाल्या की टेबलाशी उभं राहायला माझी हरकत नाही. तोवर मात्र नाही, दिवसभर उभं राहणं म्हणजे थट्टा नव्हे.

काल मालकीणबाईंचा फोन आला होता. कोटांचं मोठं काम अंगावर आलंय, मधल्या काळात ठेवलेल्या पोराच्या हाताला भरवसा नाही, मी नवी कापणारी बाई बघू का? "तुम्हाला काढत नाही हो मी," त्या घाईघाईने म्हणाल्या होत्या. "काज-बटणाची खुर्ची तुमचीच. बसून काम. पण टेबलाचं काय ते मला उद्या संध्याकाळपर्यंत कळायला हवं." काज-बटणाला तिने कधी कमी लेखलं नव्हतं. पण अखंड कापडावर पहिली कात्री घालताना हाताला जे वाटतं, ते तयार कोटाला बटण लावताना वाटत नाही. कापड पसरलं की टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, कमरेतून वाकायचं, सगळं वजन पायावर घेऊन कात्री एका दमात शेवटापर्यंत न्यायची. खुर्चीत बसून ते होत नाही. एकदा ती खुर्चीत बसली की टेबलाशी दुसरी बाई उभी राहणार, आणि नवरा आरशासमोरून आकडे बोलणार ते त्या बाईसाठी. हा विचार तिने कुणाला सांगितला नसता. देवालाही सांगताना तिने तो जरा आडवळणानेच सांगितला होता. रात्री तिने ठरवलं होतं की सकाळच्या मापावर सोडायचं. आणि सकाळी बोटभर कमी. ते तिने मान खाली घालून मान्यही केलं असतं, पुढच्या आठवड्यावर आशा ठेवून मालकीणबाईंची मनधरणी केली असती. पण आता तो बोटभरही खरा नव्हता. खरं किती कमी होतं ते एका माणसाला माहीत होतं आणि तो माणूस तिला गिऱ्हाईक समजत होता.

तिने पुन्हा पाय उचलून पाहिला. कालपर्यंत जो पाय नावाच्या लयीत वरखाली व्हायचा तो आता लाकडासारखा वाटू लागला. उचलला, धरला, आणि धरल्या धरल्या मनात आलं, ही ताकद कुणाची? पाय धपकन खाली आला. पिशवी फरशीवर आपटली. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. खालून काठीचे ठोके ऐकू आले आणि थोड्या वेळाने दारात खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात चष्मा.

"अगं, माझ्या डोक्यावर छत आहे की ढोल?"

"चुकलं काकू. हातातून, म्हणजे पायातून सुटला."

"रोज हळू ठेवतेस, आज काय झालं?" काकूंनी चष्मा लावून तिच्याकडे नीट पाहिलं. "रडतेस? दुखतंय का?"

"नाही."

"दुखत नाही आणि रडतेस? मला बघ, सगळं दुखतं आणि रडायला वेळ नाही." त्या खुर्ची ओढून बसल्या. "तुझा नवरा तर भेटला की सांगतो मला, काकू थोडे दिवस कळ काढा, आता झालंच, पाय भरला तिचा. परवासुद्धा म्हणाला."

"ते काय, म्हणायचेच."

"म्हणजे?"

"काही नाही. त्यांचा धंदाच आहे तो. समोरच्याला बरं वाटेल असं बोलायचं."

"मग सुखी आहेस," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे उलटा धंदा होता." त्या हसल्या, तीही ओठ ताणून हसली. पण काकू गेल्यावर ते वाक्य खोलीत फिरत राहिलं. पाय भरला तिचा. म्हणजे तो सगळ्यांनाच सांगत होता. जिथे जाईल तिथे तिच्या पायाच्या अस्तरात भर घालत होता.

दुपारी तिने जे कधी करायचं नसतं ते केलं. शिवणारा स्वतःचं माप स्वतः घेत नाही. त्यात अपशकुन वगैरे काही नाही, साधी गोष्ट आहे, टेप बघायला माणूस वाकतो आणि वाकला की अंग बदलतं. ज्या म्हाताऱ्या बाईने तिच्या हातात पहिल्यांदा कात्री दिली ती म्हणायची, स्वतःकडे बघणारं अंग कधी खरं बोलत नाही गं. तरी तिने शिवणाच्या डब्यातून जुना टेप काढला. बसून घेतलं, एक माप आलं. उभ्याने वाकून घेतलं, दुसरंच आलं. चांगल्या पायावर भार दिला तर आजारी मांडी सैल पडायची, आजारी पायावर भार दिला तर ती दगडासारखी घट्ट होऊन टेपमधून सरकायची. वीतभराची खूण चुकत होती, टेप तिरपा जात होता. सगळ्या आयुष्यात तिने इतक्या माणसांची अंगं कापडावर उतरवली होती आणि स्वतःच्या एका मांडीचा तिला थांग लागत नव्हता. ती टेप हातात धरून खिडकीशी उभी राहिली. समोरच्या इमारतीत कुणीतरी पडदे झटकत होतं. तिला हिशेब मांडायचा होता तो एवढाच, की संध्याकाळी मालकीणबाईंना काय सांगायचं. पण मन सारखं दुसरीकडे जात होतं. मागे एकदा एक पोक असलेला गृहस्थ कोट घालून आरशापुढे बराच वेळ उभा राहिला होता आणि मग नवऱ्याला म्हणाला होता, "तुम्ही फार चांगले आहात हो." त्याला कळलं होतं का? कळूनही तो म्हणाला होता का? तिला एकदम असं वाटलं की त्याच्यासारखं आपणही म्हणावं, काही न विचारता, चांगले आहात हो, आणि खुर्चीवर बसून बटणं लावावीत. त्यात शांती होती. क्षणभर खरोखर शांती वाटली. मग लगेच ती मोठ्याने बोलून गेली. नको. मला पांघरूण नको. वाकडं असेल तर वाकडं, पण माझं मला दिसू दे. ही तिने देवाकडे केलेली प्रार्थना होती आणि तिच्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदाच ती देवाशी इतक्या मोठ्याने बोलली होती.

नवरा आला तेव्हा ती सतरंजीवर बसून होती. दोन्ही पाय समोर पसरलेले, सकाळसारखेच. त्याने चपला काढल्या, डबा ओट्यावर ठेवला, आणि तिने त्याला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

"अहो, टेपखाली बोटं का घालता?"

तो थांबला. पाठमोराच. मग फार हळू म्हणाला, "कुठल्या पायाला?"

ती गोंधळली. "कुठल्या म्हणजे?"

तो वळला. आरशासमोर हजारो माणसांना निभावून नेणारा तो चेहरा आज कुठेच नव्हता. तो तिच्यासमोर खाली बसला, तिच्या पायांशी. "चांगल्या पायाला घालतो," तो म्हणाला. "आजाऱ्याला कधीच नाही घातली. त्याला कशी घालीन?"

तिला काही सुधरेना. "चांगल्याला कशाला?"

"तो मोठा यावा म्हणून. म्हणजे हा कमी यावा." त्याने तिच्या आजारी मांडीकडे नुसतं बोट दाखवलं, हात लावला नाही. "तू म्हणाली होतीस ना, ज्या दिवशी सारखे होतील त्याच्या दुसऱ्या दिवशी टेबलाशी. अगं, मला वाटलं नव्हतं इतक्या लवकर होतील म्हणून. मागे एका आठवड्याला मापून बघतो तर जवळजवळ सारखे. पुढच्या मापाला माझी बोटं आपोआप आत गेली. मग दर वेळी गेली."

"म्हणजे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, "मी इथे रोज उठून वाळू उचलतेय, आणि तुम्ही पलीकडचा पाय फुगवताय?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणून तर दोनच घातली."

तिला हसू येतंय की रडू ते कळेना. "का पण? का?"

"तू पडलीस," तो म्हणाला. "पण मी ऐकलं. तू नाही ऐकलंस तो आवाज. अजून कुणी गठ्ठा टेबलावर टाकला ना, तरी मी पडदा बाजूला करून बघतो, आत कोण आहे. तो पोरगा हसतो मला. तू तिथे नसतेस हे माहीत असतं, तरी बघतो. तू परत तिथे उभी राहणार म्हटल्यावर..."

दिवसभर ती ज्याच्याशी भांडत होती तो माणूस समोर नव्हताच. समोर भेदरलेला एक माणूस होता. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण तिच्या आत काहीतरी गाठ सुटल्यासारखं सुटत चाललं होतं आणि त्या मोकळेपणाची तिला भीतीही वाटत होती. कारण हेही बोलणंच होतं. हाही आवाजच होता.

"टेप द्या," ती म्हणाली. "नाही, तुम्हीच धरा. मी बघते."

त्याने गळ्यातला टेप काढला. आजारी मांडीभोवती घेतला, वाटीपासून वीतभर वर, आणि दोन्ही टोकं जुळवून धरली. तिने स्वतःचं बोट त्याखाली सरकवून पाहिलं. मांडी बधिर होती, बोट बधिर नव्हतं. समोरून पाहिलं, मागून पाहिलं, व्रणाच्या बाजूने पाहिलं. नखसुद्धा जाईना. टेपखाली फक्त ती होती, सगळीकडून. मग चांगल्या मांडीला. तिथेही बोट जाईना. तिने दोन्ही आकडे स्वतःच्या डोळ्यांनी वाचले, मान न वाकवता, नवऱ्याने उचलून धरलेल्या टेपवर. मग तिने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, आणि उघडून पुन्हा वाचले. दोन्ही सारखे होते. तिने आजारी मांडीवर तळहात ठेवला. बाहेरून बधिर, आतून गरम. ती तिचीच होती. परकी मुलगी कधी उठून गेली होती ते तिला कळलंही नव्हतं.

"बोल की काहीतरी," नवरा म्हणाला. "ओरड हवं तर."

"ओरडणारच आहे. आधी फोन आणा."

मालकीणबाईंनी पहिल्याच घंटेला उचलला. "टेबलाशी मीच उभी राहते," ती म्हणाली. पलीकडून एक लांब श्वास आला. "बाई गं, सुटले मी. त्या पोराने आज अस्तर उलट्या बाजूने कापलं. मी बोलणार कुणाला? पाय नीट आहे ना पण? की मला बरं वाटावं म्हणून सांगताय?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही सांगत नाही. उंच स्टूल ठेवा जवळ, दमले की टेकेन. फळीवरचे गठ्ठे मी काढणार नाही, ते कुणीतरी खाली आणून द्यायचे. कापायचं मात्र मी."

"गठ्ठे मी स्वतः आणून देते," मालकीणबाई म्हणाल्या. आणि तिने फोन ठेवला तेव्हा नवरा ओट्याशी दुधाचं रिकामं पातेलं उलटं करून बघत होता.

"दूध संपलंय. घेऊन येतो."

"मी येते."

"तू कशाला? मी आलोच पाच मिनिटांत."

"येते म्हणाले ना. अजून ओरडायचं राहिलंय माझं." तिने दार ओढलं आणि तिथूनच सुरुवात केली. तुम्हाला काय वाटलं, कळणार नाही मला? आणि वर काकूंना सांगत फिरता, पाय भरला म्हणून. म्हणजे काकूंना खरं, आणि मला? घरातल्या बाईपेक्षा शेजारीण बरी. आणि तो फोन काल आला, तेव्हा तरी बोलायचं होतंत. मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर, आणि तुम्ही घोरताय. "घोरत नव्हतो," तो मागून म्हणाला. "जागा होतो." मग जागं राहून काय केलंत? दोन बोटांचा विचार? "हो," तो म्हणाला, आणि त्यावर तिला इतकं हसू आलं की तिला बोलणं सुचेना, तरी ती बोलत राहिली, की भीती वाटते तर भीती वाटते म्हणावं माणसाने, मलाही वाटते, पण म्हणून काय कुणी दुसऱ्याचा चांगला पाय धरून बसतं का. मागून पावलांचा आवाज थांबला. तिने मान वळवून पाहिलं. तो तीन-चार पायऱ्या वर थांबला होता, कठड्यावर हात ठेवून, आणि तिच्या पायांकडे बघत होता. ती खालच्या फाटकापाशी पोचली होती. दवाखान्यातून आल्यापासून ती जिना उतरायची ती कठडा दोन्ही हातांनी धरून, एका पायरीवर दोन्ही पाय आणून, पुढची पायरी डोळ्यांनी चाचपून. आता तिचे दोन्ही हात हवेत होते, बोलता बोलता ओवाळल्यासारखे. जिना कधी सुरू झाला आणि कधी संपला, तिला काही आठवेना.

"बघत काय उभे राहिलात?" ती म्हणाली. "दुकान बंद होईल."